शिलामुद्रण आणि पडीक उद्योगस्थळे

शिलामुद्रण (शिळाछाप, लिथोग्राफी) : तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या तत्त्वावर चालणारी मुद्रणकला. बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर याने ती १७९६ च्या सुमारास शोधली. घासून दाणेदार केलेल्या चुनखडीच्या लादीवर तेलकट खडूने उलटे चित्र काढतात, त्यावर किंचित नायट्रिक आम्ल घातलेला डिंक फिरवतात. पुढे ओल्या स्पंजाने शिळा पुसून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूच्या रेघांना धरते.

बंद कारखान्यांच्या चित्रणाला हे माध्यम फार मानवते. खडू दाण्यांवर अडखळत चालत असल्याने गंज, काजळी, ओल धरलेली भिंत यांचा पोत आपसूक उमटतो. फुटक्या छपरातला उजेड पात्याने खरवडून काढता येतो. यंत्राचे सांधे अम्लरेखनात (एचिंग) अधिक रेखीव दिसतील, पण भिंतीची ओल दाखवावी ती शिळेनेच. जोसेफ पेनेल या अमेरिकन चित्रकाराने १९१२ मध्ये पनामा कालव्यावर शिळाचित्रे केली. ती मात्र चालू कामाची.

मराठी मुलखात शिळेवर आधी अक्षरे आली. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ मध्ये पंचांग छापले. देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर पोचवली ती राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने. १८९४ मध्ये मुंबईत निघालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. एका रंगाला एक शिळा, म्हणजे एकेका चित्रामागे शिळांची चळतच. १९७२ च्या आगीत छापखाना नष्ट झाला. कारखाने चितारण्याआधी हा धंदाच पडीक झाला, असे म्हणावे लागते.

या छापखान्याशी नाशिकचा धागा दादासाहेब फाळके यांच्यामुळे जुळतो. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या फाळक्यांनी चित्रपटांकडे वळण्यापूर्वी रविवर्मा छापखान्यासाठी काम केले होते. १९१८ मध्ये त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशिकला उभी राहिली. पुढे तीही बंद पडली. शिळाचित्रकाराला इथे विषय शोधायला लांब जायला नको.

नवे चित्र काढायचे तर शिळेवरचे जुने घासून काढावे लागते, म्हणून शिळा टिकली तरी त्यावरची बहुतेक चित्रे टिकत नाहीत. बंद छापखान्यात शिळा सापडलीच तर ती घासू नये. शेवटचे चित्र अजून तिच्यावर असू शकते.