दोन चांदूर आणि कापसाचा काटा

#थ्रेड

अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एकाच्या नावापुढे ‘बाजार’ लागला, दुसऱ्याच्या नावापुढे ‘रेल्वे’. वऱ्हाडातील शेतमालाचा इतिहास या दोन शब्दांत बराचसा सामावलेला आहे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे मोल वाढले. गंमत अशी, की मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला तो १८६७ मध्ये. तोवर युद्ध संपून भावही कोसळले होते. रूळ मात्र राहिले, आणि पेरा कापसाकडे वळत गेला.

आठवडी बाजारात शेतकरी आपली भाजी, मिरची, डाळ स्वतः बसून विकतो. भाव त्याच्या तोंडून निघतो. कापसाच्या बाजारात तसे नव्हते. बंडी उभी राहिली, की मध्ये दलाल, अडत्या, मापारी येत. तोलाई, हमाली, दलाली, वर धर्मादाय! दानाचे पुण्य व्यापाऱ्याला, पैसा शेतकऱ्याचा. पीक बहुधा सावकाराच्या कर्जात आधीच गुंतलेले. भाव पटला नाही म्हणून भरली बंडी परत नेण्याची सोय किती जणांना असणार?

या गोंधळाला शिस्त लावण्याचा देशातील पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला. १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र गिरण्यांना स्वच्छ कापूस खात्रीने मिळावा, ही त्यामागची मोठी निकड होती. बाजार समिती नेमली गेली. तीत कापूस पिकवणाऱ्याला जागा नव्हती. ही उणीव १९२८ च्या शाही कृषी आयोगानेही दाखवली.

१९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने समितीत शेतकरी प्रतिनिधींना बहुमत दिले. चांदूर रेल्वेलाही आज अशी समिती आहे. तिथे आता सोयाबीनचाही लिलाव होतो. पण त्या मूळ कायद्यात हे प्रतिनिधी निवडायचे ते सहकारी सोसायट्यांच्या व्यवस्थापन समित्यांच्या आणि ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी. बंडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला थेट मत त्यातही नव्हते.