सिनेटची राखीव जागा आणि मतदारयादी

विद्यापीठाच्या सिनेटवर प्राध्यापकांचा प्रतिनिधी निवडून द्यायचा म्हटले, की आपल्यातील पुष्कळ जण ही बाब प्राध्यापकांच्या पगाराची, रजांची आणि संघटनांच्या चढाओढीची समजून सोडून देतात. रत्नागिरी जिल्ह्यातील महाविद्यालयात मी बरीच वर्षे शिकवले आणि या निवडणुकीत मतदानही केले. तो अनुभव आणि या मतदानाचा इतिहास एकत्र ठेवून पाहिला, की एक गोष्ट स्पष्ट होते. राखीव जागा मिळाली म्हणजे प्रतिनिधी मिळाला, असे होत नाही. त्या जागेसाठी मत कोणाला आहे, हा प्रश्न जागेइतकाच मोठा आहे.

आमच्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. दापोली हे महार पेन्शनर सैनिकांचे गाव. या पेन्शनरांनी १८९० च्या सुमारास आपल्या मुलांना सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले. मुले घेतली गेली तरी ती व्हरांड्यात बसवली गेली. याच पेन्शनरांपैकी गोपाळबाबा वलंगकर. त्यांची १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, आणि तेवढेही सवर्णांना रुचले नाही. ही नेमणूक होती, निवडणूक नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. जिथे आपल्याला मतच नव्हते तिथे आपला माणूस निवडून येणार कुठून?

विद्यापीठातही हेच घडत होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते सरकारने नेमलेल्या फेलोंच्या हाती. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने मुंबईच्या सिनेटवर थोडी निवडणूक आणली : दहा जागा पदवीधरांना, दहा विद्याशाखांना, बाकीचे सारे कुलपतींनी नेमायचे. लोकशाहीचे हे पहिले पाऊल म्हणून त्याचे कौतुक होते. पण त्या वर्षी भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी अजून मॅट्रिकही झाला नव्हता. तो मॅट्रिक झाला १९०७ साली आणि बी. ए. झाला १९१२ साली. पदवी हीच मताची अट असेल आणि पदवीचा रस्ता शाळेच्या व्हरांड्यातच अडत असेल, तर कायद्यात जातीचा एकही शब्द न लिहिता अख्खा समाज यादीबाहेर ठेवता येतो.

बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखले होते. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी मांडले, की मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही. माणसांचेही प्रतिनिधित्व हवे. पुढे विद्यापीठ सुधारणा समितीने १९२४ साली प्रश्नावली पाठवली, तेव्हा महाविद्यालये आणि विद्यापीठ यांनी बरोबरीच्या नात्याने एकत्र येऊन शिकवावे, असे उत्तर त्यांनी दिले. १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले, तेव्हा मागासवर्गीयांना सिनेटवर स्थान हवे म्हणून ते उभे राहिले. इतर लाभ एक वेळ सोडू, पण उच्च शिक्षणाचा हक्क सोडणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सिनेट ही केवळ विद्वानांची सभा, तिथे जातीचा प्रश्न कशाला, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. विद्वानांची सभा जर सर्व समाजाच्या मुलांचे भवितव्य ठरवणार असेल, तर त्या समाजाने तिच्यात का नसावे?

आता २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा पाहा. त्याप्रमाणे अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, महाविद्यालयीन शिक्षकांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. त्यांतील पाच जागा राखीव : अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक. १९०४ पासून इथवरचा पल्ला लहान नाही. पण या राखीव जागेवर मत देतो कोण? विद्यापीठाच्या साऱ्या जिल्ह्यांतील सारे शिक्षक. १९३२ च्या पुणे करारातील संयुक्त मतदारसंघ इथे जसाच्या तसा आहे. करारात निदान चार उमेदवारांची प्राथमिक निवड आपल्याच मतदारांकडे होती. इथे तेवढीही नाही.

थोडा हिशेब करू. खुल्या पाच जागांसाठी पसंतीक्रमाने मत देतात. पाच जागांचा कोटा वैध मतांच्या एक षष्ठांशाहून किंचित जास्त. म्हणजे शंभरांतील सतरा शिक्षक एकदिलाने पहिली पसंती एकालाच देतील, तर त्यांचा माणूस खुल्या जागेवर निवडून येतो. राखीव जागा मात्र एकच. तिथे सरळ लढतीत निम्म्याहून अधिक मते लागतात, आणि ती पॅनेलच्या कृपेवाचून मिळत नाहीत. आपल्यासाठी ठेवलेली जागा दुसऱ्यांच्या पसंतीने भरते, आणि जी सर्वांची म्हणतात ती आपण स्वबळावर जिंकू शकतो! १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देता येत होती; स्वतंत्र मजूर पक्षाला त्याचा उपयोग झाला. विखुरलेल्या अल्पसंख्याने मत एकवटावे, हा धडा तेव्हाचाच आहे. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र निवडणूक आली की मला एकच प्रश्न विचारला जाई : “सर, तुमच्या राखीव जागेवर यंदा कोण?” खुल्या जागेबद्दल मला कोणी विचारले नाही, आमच्यापैकीही कोणी तिकडे वळले नाही.

याहून मोठे दुखणे मतदारयादीचे आहे. कायद्याच्या लेखी शिक्षक म्हणजे पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त शिक्षक. नेट-सेट झालेली, पीएच. डी. झालेली आपली किती मुले-मुली आज तासिका तत्त्वावर राबत आहेत! तोच अभ्यासक्रम शिकवतात, तेच पेपर तपासतात. पण यादीत त्यांचे नाव नाही. १९०४ साली पदवी नव्हती म्हणून मत नव्हते. आज पदवी आहे, नेमणूक नाही, म्हणून मत नाही. आणि नेमणूक का नाही, बिंदुनामावलीप्रमाणे राखीव पदे का भरत नाहीत, हा प्रश्न ज्या सभागृहात विचारायचा, त्याच सभागृहाच्या यादीबाहेर ते उभे आहेत.

त्यात रत्नागिरीचे अंतर. मुंबई विद्यापीठाची हद्द पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत. मतदारांची गर्दी मुंबई-ठाण्याला, तेव्हा पॅनेलही तिकडेच ठरतात. मंडणगड-राजापूरच्या शिक्षकाकडे मागायला येते ते फक्त मत. आणि निवडणूक वेळेवर होईलच याचीही खात्री नाही : पदवीधर गटाची निवडणूक लांबत गेली आणि अखेर न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये झाली.

मग ही निवडणूक सोडून द्यावी काय? मुळीच नाही. अधिसभेपुढे विद्यापीठाचा अर्थसंकल्प येतो; तिथे वसतिगृह, शिष्यवृत्ती, रिक्त पदे यांबद्दल जाब विचारता येतो. म्हणून आपल्या शिक्षकांनी तीन गोष्टी कराव्यात. मतदारयादी प्रसिद्ध होताच आपली नावे तपासून हरकती नोंदवाव्यात. खुल्या जागेवर आपला उमेदवार उभा करून पहिली पसंती त्यालाच द्यावी. आणि जो कोणी मत मागायला येईल त्याला आधी विचारावे : तासिकेवरच्या शिक्षकाला मताचा हक्क मिळावा, असा ठराव तू मांडणार काय? बाबासाहेबांच्या आंबडवे या मूळ गावाच्या जिल्ह्यातून हा प्रश्न प्रथम विचारला गेला, तर ते आपल्याला शोभेल.