महाड-पोलादपूर परिसरातील सायकलवाटा

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या पश्चिम पायथ्याशी असलेल्या महाड व पोलादपूर या तालुक्यांतील घाटरस्ते, जुन्या घाटवाटा आणि वाड्यावस्त्यांना जोडणारे कच्चे रस्ते यांचा डोंगरी सायकलिंगसाठी (माउंटन बायकिंग) उपयोग होतो. हा सारा मुलूख सावित्री नदीचा. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी ही नदी पोलादपूर व महाड या गावांवरून वाहत जाऊन बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते आणि काळ व गांधारी या तिच्या उपनद्या रायगडाच्या आसपासचे पाणी तिच्यात आणून सोडतात. सायकलसाठी मुद्दाम आखलेल्या, खुणा केलेल्या वाटा येथे नाहीत. ज्या आहेत त्या व्यापार, लष्करी हालचाल आणि गावकऱ्यांची रोजची ये-जा यांतून पडलेल्या आहेत, आणि त्यांची आखणी समजून घेतल्याखेरीज त्यांवरून सायकल नीट चालवता येत नाही.

खडक व भूरूपे : डोंगरी सायकलिंगच्या वाङ्मयात ग्रॅनाइटच्या प्रदेशांचे वर्णन वारंवार येते. भारतात हंपीचा परिसर तशा खडकाचा आहे. ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर सावकाश थंड होत असल्याने त्याचे स्फटिक जाड असतात, पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि कोरड्या दिवसांत टायरला चांगली पकड मिळते. महाड-पोलादपूरचा खडक मात्र बेसाल्ट, म्हणजे मराठीत ज्याला काळा कातळ म्हणतात तो आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून तो बनला. उघड्यावर लवकर थंड झाल्यामुळे तो बारीक कणांचा असतो, पायांखाली व चाकांखाली झिजून गुळगुळीत होतो आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. कठीण थर उभ्या कड्याच्या रूपाने टिकतात आणि त्यांच्यामधले मऊ थर झिजून आडव्या पायऱ्या तयार होतात. डोंगराच्या मध्यावरील अशा सपाट पट्टीला पदर आणि तिच्यावरील वस्तीला पुष्कळदा माची म्हणतात. पदरावरची वाट सायकलला सर्वांत सोयीची, कारण ती बराच काळ एकाच उंचीवरून जाते. कातळाची झीज कांद्याच्या पापुद्र्यांसारखी होत असल्याने उतारांवर सुटे गोल धोंडे साचतात, तर महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभा दगड व त्याची बारीक खडी असते. चाक घसरण्याचे प्रसंग या दोन्ही ठिकाणी सारखेच येतात, पण कारणे वेगळी असतात.

वाटांचे प्रकार : घाटवाटांची स्थानिक नावेच त्यांचे चढाव सांगतात. घाट म्हणजे लादलेले बैल चढू शकतील अशी, वळणे घेत जाणारी वाट. नाळ म्हणजे दोन कड्यांमधील पाण्याच्या घळीतून सरळ वर जाणारी, दगडगोट्यांची अरुंद वाट. आणि निसणी म्हणजे जेथे हात टेकावे लागतात किंवा शिडी लावावी लागते तो मार्ग. सायकलच्या दृष्टीने हेच वर्गीकरण आजही सर्वांत उपयोगी ठरते. बैलांच्या तांड्यांसाठी आखलेल्या वाटेचा चढ बेताचा असतो आणि तिच्यावरून सायकल बऱ्याच अंशी चालवता येते, नाळेत ती खांद्यावर घ्यावी लागते आणि निसणीवर ती नेऊच नये. केळद गावाहून महाड तालुक्यात कर्णवडीच्या बाजूस उतरणारे मढे घाट व उपांड्या घाट पहिल्या प्रकारात मोडतात, तरी त्यांचे काही टप्पे पायीच उतरावे लागतात. सिंहगडावर ४ फेब्रुवारी १६७० रोजी पडलेल्या तानाजी मालुसरे यांचे शव मढे घाटाने कोकणात नेण्यात आले, अशी परंपरा आहे.

आंबेनळी घाट : पोलादपूर ते महाबळेश्वर हा सुमारे ४० किमी.चा डांबरी रस्ता परिसरातील सर्वांत महत्त्वाचा सायकलमार्ग होय. ब्रिटिश काळात या घाटाला, १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर सेमूर फिट्झगेराल्ड यांचे नाव देण्यात आले होते, पण लोकांत आंबेनळी हेच नाव टिकले. एकूण चढाई सुमारे १,३०० मी. असल्याने सरासरी चढ शंभर मीटरला तीन मीटरांहून थोडा अधिक भरतो, परंतु ही सरासरी फसवी आहे. पोलादपूरहून कापडे गावापर्यंत रस्ता खोऱ्यातून जवळजवळ सपाट जातो आणि खरा चढ त्यानंतर सुरू होतो. तो चढून गेल्यावर वाडा कुंभरोशी लागते, जेथून प्रतापगडाचा फाटा फुटतो. तेथून पुढे दाट झाडीतून महाबळेश्वरच्या पठाराचा दुसरा चढ आहे. या दोन चढांमध्ये एक जलविभाजक ओलांडला जातो : खिंडीच्या पश्चिमेला पडलेला पाऊस सावित्रीतून अरबी समुद्रात, तर पूर्वेला पडलेला कोयना व कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातो. घाटातून सायकल हाकताना डोळ्यांसमोर घडणारी याहून मोठी भौगोलिक गोष्ट या परिसरात दुसरी नाही आणि तेवढ्यासाठी तरी खिंडीत थांबले पाहिजे.

आंबेनळीचा रस्ता होण्यापूर्वीची वाहतूक पार घाटातून होत असे. प्रतापगडाच्या पायथ्याच्या पार गावात रामवरदायिनीचे देवालय आणि कोयनेवरील शिवकालीन मानला जाणारा दगडी पूल असून त्यावरून सायकल आजही नेता येते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी झालेल्या अफजलखान भेटीच्या आधी खानाचा तळ पार येथे पडला होता. पोलादपूरच्या बाजूस ढवळे गावाजवळ चंद्रगड हा जावळीच्या मोऱ्यांच्या मुलुखातील किल्ला आहे. तेथून ऑर्थर सीटकडे चढणारी ढवळे घाटाची वाट रानातली व लांब असून ती सायकलची नव्हे. त्या वाटेने सायकल नेण्याचे प्रयत्न होतात, पण त्यात सायकल चालवण्यापेक्षा वाहण्याचाच भाग मोठा असतो.

वरंधा घाट : महाडहून बिरवाडी, वरंध व माझेरीमार्गे भोरकडे जाणारा हा रस्ता सावित्री व नीरा यांच्या खोऱ्यांना जोडतो. आंबेनळीच्या मानाने तो अरुंद व एकाकी असून त्याची वळणे कड्याच्या पोटात कापलेली आहेत. घाटमाथ्याजवळ वाघजाईचे देऊळ आहे आणि तेथील टपऱ्यांवर मिळणारी गरम भजी खाणे हा वाटसरूंचा जुना रिवाज आहे. येथील कावळ्या किल्ल्याचे रस्त्याने दोन भाग झाले आहेत; कातळात खोदलेली पाण्याची टाकी ही त्याच्या मोजक्या शिल्लक खुणांपैकी एक होय. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने प्रशासन हा घाट वाहतुकीस वेळोवेळी बंद करते आणि तो आदेश सायकललाही लागू समजावा.

घाटाच्या पायथ्यापासून शिवथरघळीचा फाटा फुटतो. महाडपासून सुमारे ३० किमी. अंतरावरील ही घळ म्हणजे धबधब्यामागे खडक आत झिजून बनलेली प्रशस्त गुहा आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये या स्थानाची ओळख पटवली. दासबोधाचे लेखन येथे झाले अशी श्रद्धा असून त्याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. पावसाळ्यात धबधब्याचा आवाज एवढा असतो की घळीत बोललेले ऐकू येत नाही, मात्र त्याच काळात रस्ता सर्वांत निसरडा असतो. याच भागात काळ नदीवर वाळणकोंड हा डोह आहे. वरदायिनी देवीचे म्हणून त्यातील मासे गावकरी मारत नाहीत आणि त्यामुळे तेथे महसीर जातीचे मोठे मासे टिकून राहिले आहेत. लोकांनी श्रद्धेने राखलेल्या जलाशयाचे हे उदाहरण कोणत्याही धबधब्याइतकेच पाहण्याजोगे आहे.

रायगड मार्ग : महाड-नाते-कोंझर-पाचाड हा सुमारे २५ किमी.चा रस्ता गांधारीच्या खोऱ्यातून जातो आणि नवख्या सायकलस्वारांना तोच योग्य, कारण कोंझरनंतरचा शेवटचा चढ सोडल्यास दमछाक होत नाही. नाते हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख (जन्म १४ जानेवारी १८९६) यांचे जन्मगाव होय. पाचाडला जिजाबाईंची समाधी आहे. समुद्रसपाटीपासून ८२० मी. उंचीचा रायगड पायऱ्यांनी किंवा १९९६ पासून सुरू असलेल्या रज्जुमार्गाने चढावा, सायकल पायथ्याशीच ठेवावी. रायगड व प्रतापगड हे दोन्ही २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी भूप्रदेशाचे भाग आहेत. परतताना निजामपूरमार्गे माणगावला उतरून वर्तुळ पुरे करता येते. गडाच्या पूर्वेला काळ नदीच्या खोऱ्यात कच्चे रस्ते आहेत आणि तेथून लिंगाण्याचा सुळका सर्वांत जवळून दिसतो.

अन्य थांबे : महाडच्या वेशीवरील गांधारपाले येथे बेसाल्टमध्ये कोरलेली सुमारे ३० बौद्ध लेणी आहेत, सावित्रीकाठी सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. महाड शहरातील चवदार तळे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केलेल्या सत्याग्रहामुळे इतिहासात अजरामर झाले आहे आणि या परिसरात येणाऱ्या प्रत्येकाने तेथे थांबावे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी व शेलारमामा यांच्या समाध्या दाखवतात. पोलादपूर येथे शिवभारतकार कवींद्र परमानंद यांची समाधी असल्याचे मानले जाते. कुडपणचा डोंगर धबधब्यांसाठी प्रसिद्ध आहे.

पाऊस व दरडी : घाटमाथ्यावर २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे ५९४ मिमी. पाऊस नोंदला गेला. २२ जुलै रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. जुलै २००५ मध्ये याच तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते ही गावे दरडींखाली सापडली होती. कठीण कातळावर साचलेला झिजलेल्या खडकाचा व मातीचा थर पाण्याने जड होऊन घसरतो, हे या आपत्तींचे प्रमुख भूशास्त्रीय कारण आहे आणि सायकलवाटा बव्हंशी अशाच थरावरून जातात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. जून ते सप्टेंबर या काळात घाटवाटांवर सायकल नेणे टाळावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ होय.

सोयी : जवळचे रेल्वेस्थानक कोकण रेल्वेवरील वीर. मुंबई-गोवा महामार्ग व कशेडी घाट सायकलला सोयीचे नाहीत. राखीव जंगलातील वाटांसाठी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. गिअरची सायकल व डिस्क ब्रेक यांखेरीज आंबेनळी उतरू नये. घाटात पंक्चर काढणारे दुकान नाही.