चित्रपटसंगीतांतील स्वहस्त आणि परहस्त

हस्तलिखितांच्या संग्राहकांस ग्रंथकार आणि लेखक यांतील भेद नव्यानें सांगावयास नको. ग्रंथकाराचें नांव ग्रंथसमाप्तींत येतें. लेखकाचें नांव, शक, तिथि व गांव हीं पुष्पिकेंत सांपडतात. पुष्पिकेचें पान गळालेलें असलें म्हणजे केवळ ग्रंथकाराच्या नांवावरून ती पोथी त्याच्याच हातची असें कोणी जाणता म्हणत नाहीं. अक्षराचें वळण पाहतात, कागद पाहतात, आणि मगच 'स्वहस्तलिखित' हा शब्द टिपणांत पडतो. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाविषयीं मात्र हें धोरण सहसा पाळलें जात नाहीं. संगीतकार स्वतः नामांकित वादक असला, कीं चित्रपटांतील त्या वाद्याचा प्रत्येक स्वर त्याच्याच बोटांतून निघाला असें धरून चालतात. हें गृहीत किती डळमळीत आहे तें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम जेथें शंकेस जागाच नाहीं असें उदाहरण घेऊं. 'द थर्ड मॅन' हा कॅरल रीड यांचा इंग्रजी चित्रपट १९४९ सालचा. त्याचें कथास्थळ युद्धोत्तर व्हिएन्ना. त्या नगरांत झिदर वाजविणारा अँटन कारास रीड यांच्या दृष्टीस पडला व चित्रपटाचें पार्श्वसंगीत त्यांनीं त्याच्याकडूनच करविलें. झिदर हें मेजावर आडवें ठेवून छेडण्याचें तंतुवाद्य. आपल्या स्वरमंडळाशीं त्याचें थोडेंफार साम्य आहे. रचना कारासची आणि वादनहि कारासचें. नामावलीच्या वेळीं पडद्यावर झिदरच्या तारा तेवढ्या कंप पावतांना दिसतात, हात दिसत नाहीं. तरीहि तो कोणाचा याविषयीं वाद नाहीं. यास स्वहस्तलिखित खुशाल म्हणावें.

आपल्याकडे याच्या उलट टोकाचें उदाहरण प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटाचें आहे. संगीतकार गोविंदराव टेंबे. पेटीवादक म्हणून त्यांची कीर्ति त्यापूर्वींच महाराष्ट्रभर झालेली. 'मानापमाना'च्या (१९११) चालीहि त्यांच्याच. तेव्हां या बोलपटांत पेटीची साथ ऐकूं आली कीं ती त्यांचीच, असें कोणीहि म्हणेल. परंतु हरिश्चंद्राची भूमिकाहि तेच करीत होते. आणि गाणें आधीं मुद्रित करून मागाहून ओठ हालविण्याची पद्धति आपल्या देशांत १९३५ सालीं आली. १९३२ सालीं नट गात असे तेव्हांच यंत्र तें टिपून घेत असे. म्हणजे राजा हरिश्चंद्र पडद्यावर गात असतां साथीच्या वाद्यांवर दुसऱ्यांचे हात असलेच पाहिजेत. संगीतकाराची वादक म्हणून ख्याति हा येथें पुरावा तर ठरत नाहींच, उलट ती दिशाभूल करते.

आतां मुख्य उदाहरण. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' हा बंगाली चित्रपट कलकत्त्यास ऑगस्ट १९५५ मध्यें प्रदर्शित झाला. संगीत पंडित रविशंकर यांचें. ते त्या काळीं कार्यक्रमांच्या घाईंत होते. चित्रपटाचा सुमारें अर्धा भाग, तोहि कच्च्या जुळणींतला, त्यांनीं पाहिला, आणि बहुतेक सर्व संगीत एकाच रात्रीं, सुमारें अकरा तासांच्या बैठकींत सिद्ध झालें. पावसाशीं ज्याचें नातें परंपरेनें जोडलें जातें त्या देस रागांतील एक, आणि तोडींतील एक गंभीर, असे केवळ सतारीचे दोन तुकडे त्यांनीं रचले. येथवर सर्व सरळ आहे.

परंतु या चित्रपटाच्या सतारींत आणखी एक हात आहे. छायाचित्रण करणारे सुब्रत मित्र हेहि सतार वाजवीत, आणि पार्श्वसंगीताचे कांहीं भाग त्यांनीं वाजविलेले आहेत. ज्यानें दृश्य टिपलें त्यानेंच त्यावरील स्वर छेडावे हा योग विरळा. 'या चित्रपटांत सतार आहे. संगीतकार सतारिये आहेत. तस्मात् ही सतार त्यांचीच', या अनुमानाचा हेतु नैयायिक ज्यास सव्यभिचार म्हणतात त्या जातीचा आहे: हेतु आहे पण साध्य नाहीं असें स्थळ याच चित्रपटांत सांपडतें. एखाद्या पोथींत मधलीं पांचदहा पानें दुसऱ्या हातचीं निघावीं, तसा हा प्रकार.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. आमच्या मतें या संगीतांतील सर्वांत स्मरणीय स्थळें दोन, आणि त्या दोन्ही ठिकाणीं प्रधान वाद्य सतार नाहीं. मुख्य धून राय यांच्या भेटींत रविशंकर यांनीं गुणगुणून दाखविली होती. ती चित्रपटांत बहुतेक वेळां बांबूच्या बासरीवर येते, आणि ती बासरी अलोकनाथ दे यांची. दुसरें स्थळ दुर्गेच्या मृत्यूनंतरचें. हरिहर प्रवासाहून परततो, मुलीसाठीं आणलेली साडी पुढें करतो, आणि सर्वजयेस हुंदका आवरत नाहीं. पण तिचा आक्रोश आपणांस ऐकूं येत नाहीं. त्या जागीं पटदीपाचे उंच स्वर ऐकूं येतात. वाद्य तारशहनाई. नांवावरून तें फुंकून वाजवावयाचें वाटेल, पण तसें नाहीं. एसराजाला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडून तें बनतें व गजानें वाजवितात. केवळ कानावर विसंबून टिपण करणारा येथें 'सनई' असें लिहून मोकळा होईल.

सतारीचा स्वर छेडल्याबरोबर विरूं लागतो. मींडेनें तो वळवितां येतो, पण आक्रोशाइतका लांबवितां येत नाहीं. गजाचा स्वर गज फिरेपर्यंत टिकतो. रविशंकर यांनीं येथें आपलें वाद्य खालीं ठेवलें व प्रसंग दुसऱ्याच्या हातीं सोंपविला, यांत त्यांची संगीतकार म्हणून खरी जाण दिसते. सगळें श्रेय त्यांच्या सतारीस देणारे भक्त त्यांची हीच जाण झांकून टाकतात.

तारशहनाईच्या वादकाचें नांव दक्षिणामोहन ठाकुर. कांहीं लिखाणांत तेंच दक्षिणारंजन असें छापलेलें आढळतें. ज्या कृतीस अद्यापि शंभर वर्षेंहि झालीं नाहींत, तिच्या वादकाच्या नांवांत हा पाठभेद! प्राचीन ग्रंथांच्या पाठभेदांवर हळहळणाऱ्या वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें.

या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह लंडन येथें १९९३ सालीं लागलेल्या आगींत होरपळली. वांचलेले तुकडे व अन्यत्रच्या प्रती जुळवून सिद्ध केलेली नवी आवृत्ति २०१५ सालीं लोकांपुढें आली. चित्राची पाठशुद्धि झाली हें उत्तमच झालें. वादकांचीं नांवें मात्र आठवणींत, मुलाखतींत आणि तबकड्यांच्या वेष्टनांवर विखुरलेलीं असतात. ज्यांच्या संग्रहीं जुन्या बोलपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका, वेष्टनें किंवा वादकांस दिलेल्या मेहनतान्याच्या पावत्या असतील, त्यांनीं त्या पोथ्यांइतक्याच जपाव्या, आणि सूची करतांना रचयिता व वादक असे दोन रकाने वेगळे पाडावे. 'पथेर पांचाली'पुरती नोंद अशी होईल: रचना, रविशंकर, सतार, रविशंकर, कांहीं भाग सुब्रत मित्र, बासरी, अलोकनाथ दे, तारशहनाई, दक्षिणामोहन ठाकुर, पाठभेद दक्षिणारंजन. सतारीच्या प्रत्येक तुकड्यापुढें हाताच्या निर्णयासाठीं थोडी जागा कोरी सोडावी.