गच्चीवरील बागेसाठी माती निवडताना...

सातारा, सांगली परिसरात गच्चीवर बाग फुलविताना अनेकांची पहिली पसंती कृष्णाकाठच्या काळ्या मातीला असते. शेतात कसदार ठरणारी ही माती गच्चीवर मात्र त्रासदायक ठरते. पावसात ती फुगते, पाणी धरून जड होते आणि उन्हात भेगाळते. त्यामुळे गच्चीसाठी माती निवडताना सुपीकतेआधी तिचे ओले वजन आणि निचरा पाहणे आवश्यक आहे.

ओले वजन महत्त्वाचे

भारतीय मानक ८७५ (भाग २) नुसार वावर असलेल्या छतासाठी दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार गृहीत धरतात. तो माणसांच्या वावराचा असतो. मातीच्या कायमच्या थराचा भार वेगळा. तळाला छिद्रे असलेल्या एक लिटरच्या डब्यात माती भरून ती पूर्ण भिजवावी, निथळू द्यावी आणि तिचे वजन करावे. ते १.८ किलो भरल्यास १० सेंटिमीटरच्या थराचा भार चौरस मीटरला १८० किलो होतो. हलक्या मिश्रणाचे वजन लिटरला एक किलोच्या आसपास ठेवता येते.

बागेचे तीन प्रकार

उथळ बाग : थर ५ ते १५ सेंटिमीटर. विटांचा चाळलेला चुरा किंवा बारीक मुरूम अधिक आणि कंपोस्ट थोडे असे मिश्रण घ्यावे. चिनी गुलाब, कोरफड, गवत यांना ते पुरते.

मध्यम बाग : थर १५ ते ३० सेंटिमीटर. विटांचा चुरा, कोकोपीट, गांडूळखत व थोडी पोयटा माती वापरावी. भाजीपाला व फुलझाडे घेता येतात. उसाची चिपाडेही चालतात; मात्र ती कुजून थर खचतो, त्यामुळे दरवर्षी भर घालावी लागते.

खोल बाग : थर ३० सेंटिमीटरहून अधिक. झुडपे व लहान झाडांसाठीची ही बाग इमारतीच्या आराखड्यातच हवी. जुन्या गच्चीवर ती करू नये.

पाऊसमानानुसार बदल

महाबळेश्वर परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे कोकोपीट कमी आणि जाड कणांचा चुरा अधिक ठेवावा, अन्यथा मिश्रण वाहून जाते. आटपाडी, जतसारख्या दुष्काळी भागात पाणी धरून ठेवणारे कोकोपीट वाढवून वर उसाच्या पाचटाचे आच्छादन द्यावे.

कास आणि माळवद

साताऱ्याजवळचे कास पठार हा उथळ बागेचा निसर्गातील नमुनाच होय. जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरावर येथे ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटासह या पठाराला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तेथील माती वा रोपे मात्र आणू नयेत. माणदेशातील माळवदाच्या घरांवरही माती असते. पण ती पाणी अडविण्यासाठी. तिच्यावर गवत उगवल्यास मुळांवाटे छत गळते. बागेच्या मातीने पाणी खाली सोडायचे असते. ते अडविण्याचे काम स्वतंत्र जलरोधक थराचे असते.

त्यामुळे स्लॅबवर प्रथम जलरोधक थर, मग मुळे रोखणारा जाड कागद, निचऱ्यासाठी विटांचे तुकडे, गाळणीचे कापड आणि शेवटी माती हा क्रम पाळावा. माती टाकण्यापूर्वी गच्चीवर ४८ तास पाणी साठवून गळती तपासावी आणि स्थापत्य अभियंत्याकडून स्लॅबची क्षमता जाणून घ्यावी.