शेजारच्या माणदेशातले तात्या

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासाचे लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी घाबरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शिवाय मंगळवेढ्याचा इतिहास म्हटला की दामाजीपंत, चोखोबा, कान्होपात्रा ही नावे यायचीच, आणि त्यांच्याविषयी माझ्याहून जाणत्या भगिनी लिहितीलच. म्हणून मी जरा शिवेबाहेर जाते. फार लांब नाही. आपल्याकडून सांगोला आणि सांगोल्यापुढे आटपाडी. त्या आटपाडी तालुक्यात माडगुळे नावाचे गाव आहे. गीतरामायण लिहिणारे ग. दि. माडगूळकर सर्वांना ठाऊक आहेत. मी सांगणार आहे ते त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश यांच्याविषयी. त्यांना लोक तात्या म्हणत.

तात्यांचा जन्म १९२७ चा. त्या वेळी माडगुळे औंध संस्थानात होते. वडील दिगंबरपंत संस्थानच्या नोकरीत, पगार तुटपुंजा, घरात मुले पुष्कळ. आई बनुताईंनी हा संसार कसा ओढला ते तात्यांनी पुढे ‘करुणाष्टक’ या पुस्तकात लिहिले आहे. ते वाचताना मला दोनदा पुस्तक खाली ठेवावे लागले. चूल पेटवायची पण शिजवायचे काय, हा प्रश्न ज्या घराने पाहिला आहे त्या घरातल्या बाईला ते पुस्तक समजावून सांगावे लागत नाही.

तात्या मॅट्रिकसुद्धा झाले नाहीत. त्या काळी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, झाली की खेड्यात मास्तरकी मिळत असे. तात्यांनीही निंबवडे गावी काही दिवस मास्तरकी केली. १९४२ च्या चळवळीत ते पडले आणि भूमिगत राहिले. चित्रकला शिकावी म्हणून कोल्हापूरही गाठले. चित्रे राहिली मागे आणि लेखणी हाती आली.

आता एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतर आपल्या या भागात खेडोपाडी ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्या जळिताची कथा तात्यांनी ‘वावटळ’ या कादंबरीत लिहिली, ती १९६४ साली. पण त्याआधी, जळितानंतर एकाच वर्षाने, १९४९ साली त्यांचे ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक आले. त्यात गावातली साधी, गरीब, हरतऱ्हेची माणसे आहेत, आणि कोणाविषयी कडवट शब्द नाही. एवढे झाल्यावर त्याच गावांकडे पुन्हा मायेने बघायचे, हे कोणालाही जमणारे नव्हे. आमच्या भावकीत बांधावरून वाद झाला तर तीन पिढ्या बोलत नाहीत!

‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. वाडीत शाळा आहे पण मुले मेंढरांमागे. मास्तर हळूहळू त्यांच्यातला होतो. सगळी वाडी राबून तालीम बांधते आणि राजेसाहेब ती बघायला येतात. मग पाऊस जातो, आणि मेंढरे घेऊन माणसे वाडी सोडतात.

हे पुस्तक मी गेल्या वर्षी दुपारच्या वेळी सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांना अक्षरओळख नाही, आणि डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यामुळे त्या बसून होत्या. त्यांचे माहेर सांगोल्याकडचे. वाचता वाचता शेकू धनगराची हकीकत आली. त्याच्याकडे एकच बैल आहे, दुसरा कोणी देत नाही. तेव्हा त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी औताला खांदा लावते. मी वाचून थांबले. मला वाटले, सासूबाई हळहळतील. त्या म्हणाल्या, “आगं, ह्यात नवल काय? बहात्तर साली आमी खडी फोडली, बंधाऱ्यावर माती वाहिली. बैल तर दावणीला बी नव्हतं.” आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “पर लिव्हलं कुनीतरी, ते बरं झालं.”

सासूबाईंना तात्यांचे नाव ठाऊक नव्हते, पण रेडिओ ठाऊक होता, आणि तात्यांचे निम्मे आयुष्य तर रेडिओतच गेले. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९५५ पासून तेथून वर्षभर थोरल्या बंधूंचे गीतरामायण, एकूण छप्पन्न गीते, लागत असे. आणि धाकटे बंधू त्याच केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात लागले, ते निवृत्त होईपर्यंत जवळजवळ तीस वर्षे. एका घरातले दोघे, एकाच केंद्रावरून, एक रामकथा घरोघर पोचवतो आणि दुसरा शेतकऱ्याशी बोलतो. कॅनडात शेतकऱ्यांची श्रोता मंडळे होती, त्या धर्तीवर १९५६ साली याच पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत प्रयोग केला. गावातल्या वीसेक जणांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या. १९५९ पासून ही पद्धत देशभर गेली.

सासूबाईंच्या माहेरी रेडिओ चावडीत असे. पुरुष समोर बसत. बायकांनी चावडीवर जाण्याची रीत नव्हती, म्हणून त्या आणि त्यांच्या मैत्रिणी मागच्या भिंतीला टेकून ऐकत. बी कसे निवडावे, जनावराला कोणता रोग झाला, हे त्यांनी भिंतीआडून ऐकले. घरी जाऊन सांगितले तर वडील विचारीत, “तुला कुनी सांगितलं?”

मला वाटते, तात्यांची भाषा अशी सोपी राहिली त्यात रेडिओचा हात असावा. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही. वाक्य लांबले की माणूस उठून जातो. मी हा लेख लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा अवघड अवघड शब्द घातले होते, सातवीवाली म्हणून कोणी हसू नये म्हणून. मुलीने वाचून विचारले, “आई, तू असं कधी बोलतेस?” ते पान मी फाडले.

पुढे तात्यांना मोठे मान मिळाले. वानरांच्या टोळ्यांवर लिहिलेल्या ‘सत्तांतर’ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ‘सांगत्ये ऐका’ या तमाशापटाची पटकथाही त्यांचीच, हे मला अलीकडेच कळले. ‘बनगरवाडी’वर अमोल पालेकरांनी १९९५ साली चित्रपट काढला. ऑगस्ट २००१ मध्ये तात्या पुण्यात वारले.

बनगरवाडीचे शेवटचे पान मी वाचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. वाडी ओस पडलेली. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, “फुडं पाऊस पडला का न्हाई, ते लिव्हलंय का?” मी सांगितले, पुस्तक संपले. त्यावर त्या म्हणाल्या, “पडला आसंल. मेंढरं माघारी आली आसतील,” आणि दिवा लावायला उठल्या.