नेहरू प्लेस आणि मुक्या लॅपटॉपची दुरुस्ती

दिल्लीतील इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीच्या धंद्याचा माग फाळणीपर्यंत जातो, कारण निर्वासित व्यापाऱ्यांसाठी लाल किल्ल्यासमोर वसवलेल्या लाजपतराय मार्केटमध्ये रेडिओ आणि त्याच्या सुट्या भागांचा व्यापार रुजला. पुढे ‘जिल्हा केंद्र’, म्हणजे जुन्या शहरावरील भार हलका करणारे व्यापारी संकुल, या १९६२च्या बृहत् आराखड्यातील कल्पनेतून दिल्ली विकास प्राधिकरणाने नेहरू प्लेस उभे केले आणि १९९१नंतरच्या उदारीकरणात तेथील संगणकबाजार झपाट्याने वाढला.

त्या काळात आवाजासाठी संगणकात स्वतंत्र साउंड कार्ड बसवले जाई व ते बिघडल्यास बदलता येई. परंतु इंटेलच्या १९९७मधील ‘एसी-९७’ आणि २००४मधील ‘एचडी ऑडिओ’ या मानकांनंतर हे काम मदरबोर्डवरील कोडेककडे, म्हणजे अंकांचे ध्वनीच्या विद्युत-संकेतांत व त्या संकेतांचे अंकांत रूपांतर करणाऱ्या चिपकडे, गेले. साहजिकच दुरुस्ती अधिक नाजूक झाली. लॅपटॉपच्या हेडफोन-जॅकमध्ये एक इवलीशी धातूची पट्टी असते. पिन आत शिरताच ती सरकते आणि स्पीकर बंद होतात, मात्र धूळ किंवा गंज यांमुळे ती तशीच अडकली, तर हेडफोन नसतानाही यंत्र मुके राहते. ड्रायव्हर, म्हणजे चिप व संगणकप्रणाली यांना जोडणारा प्रोग्रॅम, पुन्हा टाकूनही आवाज येत नसेल, तर जुन्या लॅपटॉपच्या मालकाने नवा मदरबोर्ड घेण्यापूर्वी हा जॅक अवश्य तपासून घ्यावा.